कमरेच्या पिस्तुलाचा ट्रिगर कसा निवडावा: रोज होल्स्टरमध्ये घालतानाचा विचार आधी

पिस्तूल घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच करतो. ते रिकामं असल्याची खात्री करतो, भिंतीवर रोखतो, दोन-तीनदा ट्रिगर ओढतो आणि त्याचा चेहरा उजळतो: "काय लोण्यासारखा आहे!" मीही माझं पहिलं पिस्तूल असंच निवडलं. रेंजवर गोळ्या एकमेकींना खेटून पडायच्या, त्यामुळे निवड बरोबर झाली असं वाटायचं. ते रोज कपड्यांखाली लावायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ज्या कामासाठी मी ते पारखलं होतं, ते काम महिन्यातून एखाद्या दुपारी होतं. रोजचं काम वेगळंच आहे.

रोजचं काम म्हणजे भरलेलं पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावायच्या म्यानात, जाणं आणि तिथून बाहेर येणं. दिवसातून एकदाच धरलं तरी वर्षाला ३६५ वेळा तुमचा ट्रिगर शर्टाच्या टोकाजवळून, जॅकेटच्या दोरीजवळून आणि तुमच्या स्वतःच्या बोटाजवळून जातो. त्यावेळी समोर शत्रू नसतो, घाई नसते, आणि म्हणूनच लक्षही नसतं. नळी मात्र तुमच्या मांडीकडे किंवा जांघेकडे असते. लपवून बाळगायच्या पिस्तुलाचा ट्रिगर निवडताना मी आधी या क्षणाचा विचार करतो आणि नेमाचा त्यानंतर. पुढचा सगळा लेख याच क्रमाने लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. तुम्ही राहता तिथे शस्त्र बाळगण्याचा, तेही लपवून बाळगण्याचा कायदा काय सांगतो आणि तुमच्या परवान्यात काय बसतं, हे आधी नीट समजून घ्या. या लेखात मी ते धरून चाललो आहे.

हात लावण्याआधी

पुढे घरी करून बघायच्या बऱ्याच चाचण्या आहेत. प्रत्येक वेळी मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) आधी काढा, मग स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसायची जागा) रिकामं करा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाते आणि तुम्ही रिकामं समजून भरलेलं पिस्तूल हातात धरता. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम नेमबाजांना पाठच असतात: प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी नेऊ नका, नेम बसेपर्यंत बोट ट्रिगरवर नको, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असू द्या. तिसरा नियम खरं तर संपूर्ण ट्रिगरशास्त्रच आहे. कुठलाही ट्रिगर हा नियम मोडल्यावर तुम्हाला पूर्णपणे वाचवत नाही. काही ट्रिगर सावरायला थोडा वेळ देतात, काही देत नाहीत.

पायरी १: ताकद कोण भरतो ते बघा

काडतुसाच्या बुडाशी प्रायमर असतो. त्यावर पिन जोरात आदळली की गोळी सुटते. तो जोर एखाद्या स्प्रिंगमध्ये आधी भरावा लागतो. तो कोण भरतो, स्लाइड, अंगठा की तुमची तर्जनी, एवढ्या एका प्रश्नावरून ट्रिगरचे सगळे प्रकार पडतात. जाहिरातीतली नावं बाजूला ठेवा आणि प्रत्येक पिस्तुलाला हाच प्रश्न विचारा.

सिंगल ॲक्शनमध्ये ताकद आधीच भरलेली असते. हॅमर, म्हणजे पिनवर आदळणारा मागचा छोटा हातोडा, मागे चढलेला असतो आणि ट्रिगर त्याला फक्त सोडतो. म्हणून त्याचा प्रवास छोटा आणि तो हलका, म्हणजे ओढायला साधारण दोन किलोच्या आसपास बळ लागणारा. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेलं "१९११" नावाचं पिस्तूल हे याचं ठळक उदाहरण. अमेरिकी सैन्यात ते १९११ पासून १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल होतं. ते बाळगायची रीत म्हणजे गोळी चेंबरमध्ये, हॅमर चढलेला आणि अंगठ्याची सेफ्टी लागलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला चढलेला हॅमर बघून धडकी भरते. पण या पिस्तुलात अंगठ्याची सेफ्टी आहे, शिवाय मुठीच्या मागच्या बाजूला दुसरी सेफ्टी आहे जी मूठ घट्ट धरल्याशिवाय ट्रिगर चालू देत नाही. सेफ्टी लावूनच होल्स्टरमध्ये घातलं तर तो क्षण बऱ्यापैकी सुरक्षित जातो. अडचण दुसऱ्या टोकाला येते. बाहेर काढताना सेफ्टी खाली ढकलणं आणि परत ठेवण्याआधी वर करणं, या दोन्ही हालचाली झोपेतही चुकता कामा नयेत. पहिली चुकली तर संकटात ट्रिगर दगडासारखा लागतो. दुसरी चुकली तर दोन किलोचा ट्रिगर उघडा घेऊन तुम्ही ते कमरेत खुपसता.

डबल-सिंगलमध्ये पहिल्या गोळीची ताकद तुमचं बोट भरतं. ट्रिगर लांब ओढावा लागतो, हॅमर मागे जातो आणि मग सुटतो. वजन साडेचार ते साडेपाच किलो. त्या गोळीच्या धक्क्याने स्लाइड हॅमर चढवून ठेवते, म्हणून दुसऱ्या गोळीपासून ट्रिगर छोटा आणि हलका होतो. १९२९ च्या वाल्थर पीपीने ही रचना सर्वत्र नेली. पुढे जर्मन सैन्याच्या पी ३८ मध्ये आणि १९८५ साली अमेरिकी सैन्याने घेतलेल्या बेरेटामध्ये हीच आली. सिग पी २२६ सारख्या पिस्तुलांवर डीकॉकर असतो, तो दाबला की हॅमर गोळी न सुटता सावकाश खाली येतो.

डबल ॲक्शन ओन्ली म्हणजे प्रत्येक गोळीला तोच लांब ट्रिगर. हॅमर झाकलेली छोटी रिव्हॉल्व्हर, जसं स्मिथ अँड वेसनचं ६४२, याच जातीचं. हेकलर अँड कॉखच्या एलईएम रचनेत स्प्रिंगचा बराच भार स्लाइड आधीच उचलते, म्हणून ट्रिगर लांबच राहतो पण हलका होतो. ही रचना फार लोकांना माहीत नाही, आणि मला ती मनापासून आवडते.

आणि स्ट्रायकर. इथे हॅमर नसतोच, स्प्रिंगवर बसलेली पिन सरळ पुढे धावते. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये ग्लॉक १७ घेतलं आणि त्यानंतर ही रचना जगभर पसरली. ग्लॉकमध्ये स्लाइड स्ट्रायकरला अर्धवट ताणून ठेवते, उरलेला ताण तुमचं बोट देतं. ट्रिगर अडीच किलोच्या आसपास, प्रवास साधारण अर्धा इंच, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत एकसारखा. ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती दाबली गेल्याशिवाय ट्रिगर हलत नाही. पण ही पट्टी पिस्तूल पडल्यावर किंवा ट्रिगरला बाजूने धक्का लागल्यावर कामाची आहे. शर्टाचं टोक ट्रिगरच्या मध्यावरच अडकलं तर पट्टीला ते बोट आहे की कापड हे कळत नाही. नवीन माणसाचा इथे हमखास गैरसमज होतो.

अलीकडची बहुतेक लपवून बाळगायची पिस्तुलं, २०१८ चं सिग पी ३६५ धरून, स्ट्रायकरचीच आहेत. त्यामुळे "तेच घ्यायचं" असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याच वेळी "स्ट्रायकर म्हणजे हलका ट्रिगर" हे समीकरणही खरं नाही. कार या कंपनीची पिस्तुलं स्ट्रायकरची असूनही त्यांचा ट्रिगर लांब, सलग आणि रिव्हॉल्व्हरची आठवण करून देणारा असतो. नावावर जाऊ नका, ताकद कोण भरतो ते बघा.

पायरी २: कुठे आणि कशात बाळगणार ते ठरवा

ट्रिगर निवडताना लोक होल्स्टरचा विचार शेवटी करतात. तो इथेच करायला हवा, कारण ट्रिगर आणि होल्स्टर मिळून एकच सुरक्षा-यंत्रणा असते.

पोटाच्या पुढे, जांघेच्या रेषेत पिस्तूल लावणार असाल तर नळी थेट मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या दिशेने असते. तिथे चूक झाली तर मदत यायच्या आत जीव जाऊ शकतो. अशा ठिकाणी हॅमर असलेलं डबल-सिंगल पिस्तूल किंवा अंगठ्याच्या सेफ्टीचं पिस्तूल मला जास्त पटतं, आणि त्याचं कारण हाताने जाणवणारं आहे. डीकॉक करा, अंगठा हॅमरच्या मागच्या भागावर टेकवा आणि मग पिस्तूल सावकाश होल्स्टरमध्ये सरकवा. आत काही अडकून ट्रिगर ओढला जात असेल तर हॅमर अंगठ्याखाली उठायला लागतो. तुम्हाला ते कळतं, आणि अंगठ्याने तुम्ही ते थांबवू शकता.

हे मी एकदा डोळ्यांसमोर बघितलं आहे. हिवाळ्यातली सकाळ होती. माझ्यासोबत सराव करणारा एक मित्र सराव संपवून पिस्तूल परत ठेवत होता. त्याच्या जॅकेटच्या खालच्या काठाला घट्ट करायची दोरी होती आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा वाटाण्याएवढा खटका. तो खटका नेमका ट्रिगरभोवतीच्या कड्यात शिरला. पिस्तूल अर्धं आत गेलं आणि मित्र जागीच थांबला. "हॅमर उठतोय," एवढंच म्हणाला. पिस्तूल तसंच सरळ वर काढलं, नळी मातीकडे नेली आणि दोरी सोडवली. त्याच्या अंगठ्याच्या पेरावर हॅमरच्या खाचांचे बारीक ठसे उमटले होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझ्या सगळ्या जॅकेटांच्या दोऱ्या कापून टाकल्या.

याचा अर्थ पुढे लावायला स्ट्रायकर नकोच, असा नाही. पण मग शिस्त वाढवावी लागते. पिस्तूल होल्स्टरमध्ये अंगाबाहेर घाला, टेबलावर, डोळ्यांसमोर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, आणि मग होल्स्टरसकट कमरेला लावा. रात्री होल्स्टरसकटच काढा. अंगावर असताना परत घालावंच लागलं तर कपडा दुसऱ्या हाताने छातीपर्यंत वर धरा, होल्स्टरच्या तोंडात बघा, कंबर थोडी पुढे काढा म्हणजे नळी शरीरापासून दूर जाईल, आणि सावकाश घाला. पिस्तूल घाईत बाहेर काढायची वेळ येऊ शकते. घाईत आत घालायची वेळ कधीच येत नाही.

होल्स्टर कडक हवा, त्या मॉडेलसाठीच घडवलेला हवा आणि ट्रिगरचं कडं पूर्ण झाकणारा हवा. मऊ चामड्याचा जुना होल्स्टर काही वर्षांनी तोंडाशी आत दुमडतो आणि ती घडीच बोटाचं काम करते. नुसती क्लिप लावून पिस्तूल कमरेत खोचण्याचा विचार स्ट्रायकरच्या बाबतीत मनातही आणू नका. खिशात ठेवणार असाल तर खिशाचाच होल्स्टर घ्या, आणि त्या खिशात किल्ली, पेन, सुटे पैसे, काहीही नको.

पायरी ३: हात मोजा

मूठ अशी धरा की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला शक्य तितकी वर बसेल आणि नळी मनगटाच्या सरळ रेषेत येईल. आता मूठ न हलवता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. हलक्या ट्रिगरवर बोटाच्या पुढच्या पेराचा मऊ भाग मधोमध बसला पाहिजे. लांब, जड ट्रिगरवर पहिल्या सांध्याची घडी बसली तरी चालते, तिथे ताकद जास्त लागते. बोटाचं नुसतं टोक पोहोचत असेल तर तुम्ही नकळत मूठ फिरवाल आणि गोळी बाजूला जाईल. डबल-सिंगल पिस्तुलाची गोम इथे आहे: हॅमर खाली असताना ट्रिगर बराच पुढे असतो, त्यामुळे छोट्या हाताला तो लांब पडतो. दुकानात अनेकदा हॅमर चढवून पिस्तूल हातात देतात आणि ते छान बसतं. हॅमर उतरवून बघा.

मग ताकद. डबल ॲक्शन ट्रिगर सलग दहा वेळा ओढा, आधी दोन्ही हातांनी, मग फक्त उजव्या, मग फक्त डाव्या हाताने. सातव्या-आठव्या वेळी नळी थरथरायला लागली तर तो ट्रिगर तुमच्यासाठी नाही. यात कमीपणा काही नाही. संधिवात असलेल्या माणसाला छोटं रिव्हॉल्व्हर "सोपं" म्हणून दिलं जातं, आणि त्याच्या बोटांना तोच ट्रिगर सगळ्यात अवघड जातो.

पायरी ४: ट्रिगरचं वजन पिस्तुलाच्या वजनाशी ताडा

ट्रिगर किती जड, हा प्रश्न एकटा अपुरा आहे. तो किती जड पिस्तुलावर बसवलेला आहे, हे बघायला हवं. पोलादी १९११ चं वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास, ट्रिगर दोन किलोचा. म्हणजे ट्रिगर ओढायला लागणारं बळ पिस्तुलाच्या वजनाच्या दुपटीहूनही कमी. ग्लॉक १९ रिकामं सहाशे ग्रॅमच्या आसपास, ट्रिगर अडीच किलो, म्हणजे चौपट. आणि ६४२ सारखं चारशे-सव्वाचारशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर घ्या, ट्रिगर साडेपाच किलोच्या घरात: तेरापट! तुमचं बोट जेवढ्या बळाने मागे खेचतं, तेवढंच बळ बाकीच्या हाताने ते हलकं पिस्तूल जागेवर धरायला लावायचं असतं.

त्यात छोट्या पिस्तुलावर नेम धरायची पुढची आणि मागची खूण, म्हणजे माशी, जवळ असते. दोन्हींत १५ सेंटिमीटर अंतर असेल आणि ट्रिगर ओढताना पुढची माशी फक्त एक मिलिमीटर सरकली, तर ७ मीटरवर गोळी साडेचार सेंटिमीटरहून जास्त सरकते. दोन मिलिमीटर सरकली तर नऊ. "जड ट्रिगर म्हणजे सुरक्षित ट्रिगर" असं म्हणणाऱ्यांनी हे गणित मांडून बघावं. भरकटलेली गोळीही कोणाला तरी लागते. न्यूयॉर्क पोलिसांसाठी ग्लॉकची मुद्दाम जड स्प्रिंग बनवली गेली, तिला आजही "न्यूयॉर्क ट्रिगर" म्हणतात. चुकून सुटणारी गोळी टाळायला वजन वाढवलं की ठरवून झाडलेली गोळी अवघड होते. हा व्यवहार फुकट होत नाही.

माझं मत विचाराल तर वजनापेक्षा प्रवासाची लांबी जास्त महत्त्वाची. मेंदूला "अरे, हे ओढलं जातंय" हे कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ किलोंमधून कमी आणि सेंटिमीटरमधून जास्त मिळतो. दचकल्यावर, पाय घसरल्यावर किंवा डाव्या हाताने काही घट्ट पकडल्यावर उजवी मूठही आपोआप आवळते. त्या झटक्याला पाच किलो म्हणजे काहीच नाही. म्हणूनच लांब पण हलका ट्रिगर मला सगळ्यात शहाणा वाटतो.

वजन स्वतः मोजा. ट्रिगर मोजायचा स्प्रिंगकाटा मिळतो. त्याचा हूक ट्रिगरच्या मधोमध लावा, सरळ मागे ओढा, दहा वेळा मोजून सरासरी काढा. एकेका मोजणीत मोठा फरक पडत असेल तर त्या पिस्तुलाच्या आतल्या भागांकडे जाणकाराने बघायला हवं.

पायरी ५: नाण्याची चाचणी, मग गोळ्यांची

पिस्तूल रिकामं केलंय, चेंबर चाचपलंय, समोर गोळी अडवू शकेल अशी भिंत आहे. पिस्तूल रोखा आणि कोणाला तरी पुढच्या माशीवर किंवा स्लाइडच्या टोकाशी एक नाणं आडवं ठेवायला सांगा. त्यांनी हात बाजूने आणावा, नळीसमोरून नाही. आता नाणं न पाडता ट्रिगर ओढा. २५ वेळा करा. प्रत्येक प्रकारावर करा आणि किती वेळा पडलं ते लिहून ठेवा. इथे ट्रिगर त्याचा स्वभाव दाखवतो. काही ट्रिगर शेवटी शेवटी अचानक जड होतात आणि त्याच ठिकाणी नाणं पडतं. काही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच बळाने येतात. २००९ मध्ये आलेल्या रुगरच्या एलसीआर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर असा आहे, आणि जड असूनही तो आटोक्यात राहतो. पॉइंट दोन-दोनची रिमफायर पिस्तुलं (ज्यांत पिन काडतुसाच्या बुडाच्या काठावर आदळते) मात्र अशी रिकामी चालवू नका, त्यांची पिन चेंबरच्या काठावर आपटते. त्यांच्यासाठी नकली काडतुसं वापरा.

रेंजवर जाताना शक्य असेल तर दोन-तीन प्रकारची पिस्तुलं भाड्याने किंवा ओळखीतून मिळवा. ७ मीटरवर २० सेंटिमीटरचं वर्तुळ लावा. एकगठ्ठा गोळ्या झाडू नका, दोन-दोनच्या जोड्या झाडा. डबल-सिंगल असेल तर प्रत्येक जोडीनंतर डीकॉक करा, म्हणजे दर वेळी पहिली गोळी जड आणि दुसरी हलकी येईल. ५० गोळ्यांत २५ जोड्या होतात. पहिल्या गोळ्यांची भोकं पेनने गोल करत जा. उजव्या हाताच्या नवख्या माणसाच्या पहिल्या गोळ्या बहुतेक वेळा खाली-डावीकडे गोळा झालेल्या दिसतात, कारण जड ट्रिगरबरोबर सगळी मूठच आवळली जाते. ही फट सरावाने बुजते. पण त्यासाठी किती सराव लागेल हे त्या कागदावर बघून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. संकटात लागणारी पहिलीच गोळी नेमकी ती जड गोळी असते.

लांब ट्रिगरवर आणखी एक बघा: रीसेट. गोळी सुटल्यावर बोट कितपत पुढे सोडलं की ट्रिगर पुन्हा पकड घेतो? ग्लॉकवर थोडंसं सोडताच बारीक "टक्" जाणवतो. रिव्हॉल्व्हरवर पार पुढेपर्यंत सोडावं लागतं. ग्लॉकची सवय असलेला माणूस घाईत रिव्हॉल्व्हर अर्धवटच सोडतो आणि दुसऱ्या वेळी काहीच होत नाही. हातमोजे घालून आणि बोटं गारठलेली असतानाही एकदा करून बघा. जाड मोज्याचं बोट छोट्या कड्यात शिरताना ट्रिगरला आधीच टेकतं.

डबल ॲक्शनच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो: काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर ओढता येतो. खरं आहे, पण या एका कारणावर निवड करू नका. पहिल्या ठोक्याला न फुटलेलं काडतूस दुसऱ्याला फुटेल याची शाश्वती नसते. मॅगझीनला खालून थाप मारून स्लाइड ओढून नवीन काडतूस घेणं जास्त भरवशाचं. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र पुढचा ट्रिगर पुढचंच काडतूस आणतो, तिथे हा फायदा खरा आहे.

पायरी ६: स्वतःच्या वेळेचा हिशेब

इथे मी थेट सांगतो. महिन्यातून एकदाही रेंजवर जाणं होणार नसेल, तर ज्या पिस्तुलावर तुम्हाला सेफ्टी, डीकॉकर आणि दोन वेगळे ट्रिगर सांभाळावे लागतात ते घेऊ नका. एकसारखा ट्रिगर घ्या: लांब डबल ॲक्शन ओन्ली, किंवा चांगल्या होल्स्टरमधला स्ट्रायकर. डबल-सिंगलची सगळी सुरक्षितता एका सवयीवर उभी आहे, ती म्हणजे लक्ष्यावरून पिस्तूल खाली आलं की डीकॉक. ही सवय नसलेल्या माणसाच्या कमरेला ते हॅमर चढलेलं, सेफ्टी नसलेलं सिंगल ॲक्शन होऊन बसतं. सीझेड ७५ या डबल-सिंगल पिस्तुलाच्या काही प्रकारांना डीकॉकर नसतो, फक्त सेफ्टी असते. तिथे हॅमर उतरवायचा तर भरलेल्या चेंबरवर ट्रिगर ओढून अंगठ्याने हॅमर सोडावा लागतो. एकदा अंगठा निसटला की संपलं. नवख्या माणसाने हे करू नये, हॅमर चढवून सेफ्टी लावूनच ते बाळगावं किंवा डीकॉकरचा प्रकार घ्यावा.

चेंबर रिकामं ठेवून बाळगणारेही बरेच आहेत. शिकत असताना तो समंजस टप्पा आहे. पण त्याला प्रसंगी दोन्ही हात मोकळे लागतात, आणि एका हाताने मूल ओढत असाल किंवा कोणी तुमचा हात धरला असेल तर ते होत नाही. कायमचा उपाय म्हणून मी ते सुचवत नाही.

घरात मुलं असतील तर ट्रिगरच्या वजनाचा सुरक्षेशी काहीही संबंध जोडू नका. लहान मूल तर्जनीने ट्रिगर ओढत नाही, ते पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबतं, आणि तेवढी ताकद त्याच्यात असते. अंगावर नसलेलं पिस्तूल कुलूपबंद तिजोरीत. याला दुसरा पर्याय नाही.

पायरी ७: जसा आला तसा ठेवा

घेतलेला ट्रिगर हलका करायचा मोह सगळ्यांना होतो. स्पर्धेच्या पिस्तुलावर हवं ते करा. बाळगायच्या पिस्तुलावर हॅमर किंवा स्ट्रायकरची स्प्रिंग कमजोर केली की पिन प्रायमरवर मंद आदळते, आणि कधीतरी नुसता "टक्" ऐकू येतो. त्याहून वाईट म्हणजे फायरिंग पिनला अडवणारा छोटा ठोकळा ट्रिगर गुळगुळीत व्हावा म्हणून घासणं किंवा काढून टाकणं. तोच ठोकळा पिस्तूल जमिनीवर पडल्यावर गोळी सुटू देत नाही. कंपनीचे मूळ भाग ठेवा, रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाचा सराव करा. काही महिन्यांत ट्रिगर बराच मऊ वाटायला लागतो, थोडा घासून आणि बराचसा तुमच्या बोटामुळे. पुढे कधी स्वसंरक्षणाचा प्रसंग कोर्टात गेलाच, तर "यांनी ट्रिगर मुद्दाम हलका करून घेतला होता" हे वाक्यही ऐकावं लागत नाही.

जुनं पिस्तूल वेगळ्या प्रकारचं असेल तर ते कपाटात जाऊ द्या. सोमवारी सेफ्टीचं, मंगळवारी बिनसेफ्टीचं असं केलंत तर अंगठा आणि बोट दोन्ही गोंधळतात.

पायरी ८: एक महिना रिकाम्या चेंबरने

निवड झाली, होल्स्टर आला, तरी लगेच चेंबर भरू नका. सिंगल ॲक्शन किंवा स्ट्रायकर असेल तर चेंबर रिकामं, पण हॅमर किंवा स्ट्रायकर ताणलेला, अशा स्थितीत महिनाभर रोजच्यासारखं बाळगा. गाडीत बसा, सीटबेल्ट लावा, वाका, जिने चढा, मुलांना उचला, संडासला जा. या शेवटच्या जागी पिस्तूल सर्वाधिक वेळा हाताळलं जातं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. रात्री होल्स्टर काढल्यावर नळी सुरक्षित दिशेला ठेवून बघा. ग्लॉकचा ट्रिगर पुढे असेल तर दिवसभर त्याला काही लागलेलं नाही. मागे चिकटलेला असेल तर आज कधीतरी, कुठेतरी, तुम्हाला न कळता तो ओढला गेला. १९११ असेल तर हॅमर चढलेला आहे का आणि सेफ्टी अजून वरच आहे का, ते बघा. गाडीच्या पट्ट्याला घासून ती खाली आलेली मी स्वतःच्या कमरेवर बघितली आहे. एकदा जरी असं आढळलं तर होल्स्टर, जागा किंवा कपडे बदला आणि महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. सलग तीस रात्री सगळं जागच्या जागी सापडलं की एकतिसाव्या सकाळी, टेबलाशी उभं राहून, चेंबर भरा.